‘आधी पैसे मागितले तर फसवणूक’ हा माझा नियम तोकडा पडला : गडहिंग्लजच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण जे लिहिलं ते सगळं स्वतःची कड घेणारं होतं. म्हणून पुसलं आणि दोन दिवस गप्प बसलो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरबसल्या लेखनाचं काम शोधणाऱ्यांसाठी गेल्या महिन्यात मी एक लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘काम देण्याआधी जो पैसे मागतो तो चोर, एवढं ध्यानात ठेवा; बाकी फसतात ते लोभापायी.’ ताईंच्या धाकट्या बहिणीनं नेमका हाच नियम पाळला होता. आधी एक रुपयाही दिला नाही. सहा दिवस रात्री जागून फॉर्म टाइप केले, सातव्या दिवशी व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली आणि घाबरून तिनं ६,८०० रुपये भरले. ताई विचारतात : तुमचा नियम तिच्या काय कामाचा? तिला लोभी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि एकाही वेबसाइटचं नाव न घेता लिहिलेल्या लेखाचा उपयोग काय? शिवाय, कोल्हापुरात राजारामपुरीत बसून ओळखीपाळखीवर काम मिळवणाऱ्या पुरुषाला, दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन काम शोधणाऱ्या बाईची अडचण काय कळणार?

शेवटचं आधी घेतो. नाही कळली. मी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायचो, तिथल्या ओळखींवर मला पहिली कामं मिळाली. जाहिरात बघून अनोळखी माणसाला आधार कार्ड पाठवायची वेळ माझ्यावर आली नाही. आणि लोभाचं म्हणाल तर, दिवसाचे आठ तास काम करून महिन्याला वीस-पंचवीस हजार मिळावेत ही अपेक्षा लोभ असेल तर एमआयडीसीतला प्रत्येक कामगार लोभी म्हणावा लागेल. शब्द चुकला. लेखात तो आडवी रेघ मारून खोडलेला दिसेल. पुसून टाकला असता तर तुम्ही कशावर चिडलात ते नव्या वाचकाला कळलं नसतं.

आता नियमाबद्दल. तुम्ही पाठवलेलं करारपत्र दोनदा वाचलं. हा धंदा कसा चालतो ते सविस्तर लिहितो, कारण माझ्या लेखात तो नव्हताच.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘नोंदणी फी नाही’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे माझ्यासारख्याचा लेख वाचलेला माणूसही निर्धास्त होतो. मग आधार, फोटो आणि सहीचा नमुना मागतात. त्यावरून ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरचं चित्र तयार होऊन येतं, त्यावर तुमचा फोटो आणि सही. काम म्हणजे चित्ररूपातले फॉर्म बघून जसेच्या तसे टाइप करायचे. नावं विचित्र, पत्ते विचित्र, मध्येच दोन स्वल्पविराम, मध्येच तीन मोकळ्या जागा. सहा दिवसांत ६०० फॉर्म आणि ९० टक्के अचूकता. शेवटच्या दिवशी एक तर ‘सर्व्हर’ बंद पडतो, नाही तर तपासणीचा अहवाल येतो की तुमची अचूकता ८३ टक्के. हा अहवाल कोण तपासतं, कसा तपासतं, हे कुणालाच दाखवत नाहीत. मग करारातलं चौथ्या पानावरचं कलम निघतं : काम नापास झालं तर कामासाठी दिलेल्या लॉगिन आयडीचा खर्च तुम्ही भरायचा. नाही भरला तर ‘लीगल डिपार्टमेंट’. म्हणजे पैसे मागतातच, पण आधी नाही, नंतर. आणि फी म्हणून नाही, दंड म्हणून. आशेनं दिलेल्या पैशापेक्षा भीतीनं दिलेला पैसा लवकर सुटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मग ओळखायचं कसं? दोन दिवस मी यावरच घुटमळत होतो. मला सापडलं ते एवढंच : पैसे कोण कधी मागतो हे नंतर बघा. आधी विचारा, मी लिहिलेल्या मजकुराचं हा माणूस करणार काय?

विद्यापीठाच्या आसपास प्रबंध टाइप करून देणारे आहेत. विद्यार्थ्याला प्रबंध सादर करायचाय, त्याला तो मजकूर हवाच आहे. चूक झाली तर तो शिव्या घालेल, दुरुस्त करून घेईल, एखादे वेळी पैसे कापेल. पण वकील लावणार नाही, कारण त्याला खटल्यापेक्षा प्रबंध महत्त्वाचा. आता ते ६०० फॉर्म घ्या. चित्रातली अक्षरं वाचून घेणारं सॉफ्टवेअर आज स्मार्टफोनवर फुकट मिळतं. मग ते फॉर्म हातानं टाइप करून कुणाला हवेत? त्या फॉर्ममधली माणसं कोण, तो डेटा कुठे जाणार? कुणालाच नकोत ते. तुमच्या बहिणीनं एकही चूक केली नसती तरी निकाल ८३ टक्केच आला असता. त्यांना मजकूर नको होता, करारावरची सही हवी होती.

हाच प्रश्न दुसरीकडेही चालतो. यूट्यूबचे व्हिडिओ ‘लाइक’ करा, हॉटेलांना पाच तारे द्या, दर कामाला पन्नास रुपये, मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये या आणि मोठ्या कामासाठी आधी पैसे भरा : तिथेही तुमच्या कामाची गरज कुणालाच नसते. उलट, काम मिळवून देणारी काही मोठी संकेतस्थळं अर्ज करण्यासाठी थोडे पैसे घेतात, उदाहरणार्थ अपवर्क : तिथे अर्जाला ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं खर्च करावी लागतात. माझ्या जुन्या नियमानं अपवर्क चोर ठरतं आणि तुमच्या बहिणीला गंडवणारे सज्जन. असला नियम टाकलेलाच बरा. (अपवर्कवरचा ग्राहक पहिल्याच निरोपात ‘टेलिग्रामवर या’ म्हणाला तर मात्र जाऊ नका. पैशाची जी काही हमी आहे ती त्या संकेतस्थळाच्या आतच.)

नोटिशीबद्दल. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती कुणीही कुणालाही पाठवू शकतो, आणि इथे तर पाठवणारा वकील असण्याचीच शाश्वती नाही. ठरलेलं काम पुरं झालं नाही, हा दिवाणी वाद. त्यासाठी पोलीस दारात येऊन अटक करत नाहीत. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूलही होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, आणि ते वाजवी किती ते कोर्ट ठरवतं. ‘उद्या पोलीस येतील’ म्हणून जो दुसरा कागद आला, तोही बघितला. फौजदारी प्रकरणात हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटिशीत खटल्याचा क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. खऱ्या खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तुमच्या कागदावर तो नाही, वर मोठा अशोकस्तंभ मात्र आहे.

त्या कागदावर ‘हायकोर्ट’ही लिहिलंय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे गडहिंग्लजच्या माणसाला हायकोर्ट आता जवळचं वाटणार आणि धमकी जास्त खरी वाटणार, हे समजू शकतो. पण सहा-सात हजारांच्या वसुलीचा दावा थेट उच्च न्यायालयात कुणी दाखल करत नाही.

आता वेबसाइटची नावं का देत नाही. भित्रेपणा म्हणालात, थोडा असेलही. पण खरं कारण असं की ही नावं चप्पल बदलावी तशी बदलतात. मी आज पाच नावं लिहिली की वाचक समजणार, सहावं ठीक आहे. त्यापेक्षा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी नोंदवलं ते ‘हूइज’ या ऑनलाइन नोंदवहीत बघा. ‘२००९ पासून सेवेत’ म्हणणाऱ्या वेबसाइटचा जन्म दोन महिन्यांपूर्वीचा निघतो. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा, पण तिथे थांबू नका, कारण खऱ्या कंपनीचा क्रमांक उचलून छापणारेही आहेत. कंपनीचा फोन दुसरीकडून शोधून काढा आणि विचारा, ही जाहिरात तुमची का? लहान उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचंही तेच. सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत आहे, आणि ‘उद्यम’ नावाची पाटी लावून पैसे उकळणाऱ्या खासगी वेबसाइट शोधात वर दिसतात. स्वतःची ही नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा. ग्राहकानं ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर सूक्ष्म उद्योग म्हणून तक्रार करायला तिचा आधार होतो.

फुकट नमुन्याबद्दल तुम्ही म्हणता की नवशिक्याला पर्याय नसतो. इथे मात्र माझं मत कायम आहे : पूर्ण लांबीचा नमुना फुकट देऊ नये. मी स्वतः एकदा पावसाळ्यातल्या केसांच्या निगेवर बाराशे शब्दांचा ‘नमुना’ दिला होता. उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं, तर अख्खा लेख एका वेबसाइटवर. तीस उमेदवारांना तीस विषय दिले की तीस लेख फुकटात पदरात पडतात. कायद्यानं तो लेख माझाच होता. लेखी करार केल्याशिवाय स्वामित्वहक्क दुसऱ्याकडे जात नाही, असं १९५७ चा कायदा सांगतो. तेवढं एक पत्र पाठवल्यावर त्यांनी तो काढला, पण बाराशे शब्दांचे पैसे काही आले नाहीत. आता मी दीडशे शब्द देतो, त्याहून जास्त हवं असेल तर चाचणीचेही पैसे घेतो. नवशिक्यानं स्वतःच्या आवडीच्या विषयावर तीन लेख लिहून कुठेही फुकट टाकावेत आणि तेच दाखवावेत. ‘आमच्याच विषयावर, पूर्ण लांबीचा’ असा हट्ट धरणाऱ्याला परीक्षा घ्यायचीच नसते.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. सगळे लबाड जाहिरातदार लेखकालाच फसवतात असं नाही, काही लेखकाच्या हातून गिऱ्हाईकाला फसवतात. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन चपला विकणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी मी बावीस वर्णनं लिहिली. ‘हातानं शिवलेली अस्सल कोल्हापुरी’, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं केलेली शिलाई, सगळं रंगवून. पैसेही वेळेवर येत होते. मग एकदा त्याच्या गोदामात गेलो, तर पोत्यांतून रेक्झिनचा माल निघत होता, खाली चिकटवलेले रबरी तळ. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तो माल त्या आठांपैकी कुठला वाटत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, ‘तुम्हाला शब्दांचे पैसे मिळतायत न्हवं?’ मी काम सोडलं, पण आधीचे पैसे परत केले नाहीत. ती वर्णनं अजून तिथेच आहेत. तेव्हा कुणाला लोभी म्हणताना मी जरा जपूनच बोलायला हवं होतं.

बहिणीला आज करायचं काम : १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे जाऊन नऊ दिवस झालेत. पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर समोरच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता बरीच जास्त होती, आता आशा कमी आहे. तरी तक्रार कराच, कारण तिचं आधार आणि सही त्यांच्याकडे आहे आणि उद्या ते कुठे वापरलं गेलं तर तक्रारीची तारीख दाखवता येईल. नोटीस, गप्पा, फोन नंबर, पैसे पाठवल्याची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन मगच नंबर ब्लॉक करा. ‘एनओसी’साठी आणखी चार हजार मागतील, ते देऊ नका. आणि महिन्या-दोन महिन्यांत कुणी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा’ म्हणून फोन केला, तर तो बहुधा ह्याच टोळीतला किंवा त्यांच्याकडून नंबर विकत घेतलेला.

आणखी एक. तिनं सहा दिवसांत ६०० फॉर्म टाइप केले, असं तुम्ही लिहिलंय. त्यातली मराठी पानं तुम्ही पाठवली होती, ती प्रुफं वाचायच्या सवयीनं तपासली. चार पानांत मला दोन चुका सापडल्या, आणि त्यातली एक मूळ फॉर्ममधलीच होती. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या जुन्या छापखान्यात दिवाळी अंकांच्या दिवसांत युनिकोडमध्ये मराठी टाइप करणारं माणूस लागतं. दर पानाला मिळतं, फार नाही, पण मजकूर कुठे छापून येणार ते आधी सांगतात. तिला हवं असेल तर मला मेल करायला सांगा, मी मालकांशी बोलून ठेवतो.