नागपूर–मुंबई 51 मिनिटांत होत नाही

नागपूरहून मुंबईला विमान 51 मिनिटांत पोचतं, असं एका लेखात म्हटलंय. त्यात 683 किमीला ताशी 800 किमीने भागून 51 मिनिटं काढली आहेत. अंतर बरोबर आहे, पण ते सोनेगाव (नागपूर विमानतळ) ते सांताक्रूझ (मुंबई विमानतळ) सरळ हवाई अंतर. विमान पूर्ण वेगात फार कमी वेळ असतं. 10,000 फुटांखाली 250 नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी सुमारे 463 किमी. 35,000 फुटांवरून उतरायला साधारण 200 किमी आधीच सुरुवात करावी लागते, आणि चढण्यातही जवळपास तेवढंच अंतर जातं. उरले किती? जेमतेम 300!

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, टॅक्सिंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, धरून. म्हणून दीड तासाच्या आसपास दिसते. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे मुंबईला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी.

खरी गोची मुंबईवर होते. उतरायची परवानगी मिळेपर्यंत विमान हवेत घिरट्या घालतं, त्याला होल्डिंग म्हणतात; त्यातली एक फेरी साधारण 4 मिनिटांची, आणि पावसाळ्यात अशा चार-पाच फेऱ्या सहज होतात. तिथून पुढची फ्लाइट असेल तर टर्मिनल आधी बघा बाप्पा, टी1 (टर्मिनल 1) वरून टी2 ला रस्त्याने किंवा मेट्रोने जावं लागतं.