पुण्याचं सांडपाणी आणि उजनीचं पाणी एकाच आराखड्यात हवं

सोलापूरकर म्हणून लिहितोय, कारण मुळा-मुठेवर बोलताना आम्हाला कुणी विचारत नाही. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला भेटते आणि दोघी मिळून रांजणगाव सांडसला भीमेत जातात. आळंदीची इंद्रायणी तुळापूरलाच भीमेत आलेली असते. हे सगळं पाणी भीमेवरच्या उजनी धरणात येऊन साठतं. तेच सोलापूर पितं, तेच खाली पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या अंगावर येतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. तरीही आपले आराखडे महापालिकेच्या हद्दीशी येऊन थांबतात. पुण्यासाठी जपानच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना आहे, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची. ती व्हायलाच हवी. पण हद्दीबाहेर वाढलेल्या सोसायट्या, चाकणचे कारखाने, नदीकाठची गावं यांचं काय? त्यांचा ओढाही शेवटी भीमेलाच मिळतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. नेहमीचं शुद्धीकरण मुख्यतः पाण्यातला प्राणवायू खाणारी घाण काढतं. फॉस्फरस काढायला वेगळी प्रक्रिया लागते, ती नसेल तर त्याचा बराचसा भाग तसाच पुढे जातो. वाहत्या नदीत तो फारसा दिसत नाही, पण उजनीसारख्या ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यात पाणी थांबतं, ऊन मिळतं आणि शेवाळ माजतं. फुगवट्याकडे, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, जलपर्णी पसरते. फुगवट्याच्या दोन्ही काठांच्या उसातलं खत त्यात भर घालतं, हेही आपण शेतकऱ्यांनी मान्य करायला हवं. म्हणून पुण्यातल्या केंद्राला कोणता निकष लावायचा हे उजनीला काय सोसेल त्यावरून ठरलं पाहिजे. आज तसं होत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. पावसाळा संपला की खडकवासल्याखाली मुठेत धरणाचं पाणी जवळपास नसतंच, नदीत वाहतं ते शहराचंच पाणी. आषाढीला उजनीतून चंद्रभागेत पाणी सोडतात, मग नदीसाठी म्हणून वर्षभर थोडं राखून ठेवणं अशक्य का मानायचं? पाटबंधारे खातं आवर्तनं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या पाळ्या, ठरवतं, महापालिका मैलापाणी बघते, प्रदूषण मंडळ नमुने घेतं आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. नदीकाठच्या उद्योगांवर बंधन घालणारं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं, तेही २०१५ मध्ये रद्द झालं.

माझी मागणी साधी आहे. भीमा खोऱ्याचा एकच आराखडा करा. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाताना पाणी कसं आहे ते दर महिन्याला मोजा आणि आकडे गावच्या चावडीवर लावा. वरच्याने किती घाण सोडायची ते खालच्याला विचारून ठरवा. आणि त्या बैठकीत पुणे, पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांशेजारी इंदापूर-करमाळ्याचे मच्छीमार, पंढरपूर आणि सोलापूर यांनाही मताच्या अधिकारासह बसवा.