‘एमआरआय नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं’: हे खरं नाही

अपघातानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याबद्दल एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जखम तीन महिन्यांत भरते. त्यानंतरही दुखत असेल आणि एमआरआय नॉर्मल असेल, तर दुखणं मनाचं. डॉक्टरांनी दिलेल्या ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ बंद करा, दुखेल तेव्हा साधी डोकेदुखीची गोळी घ्या आणि जाणकाराकडून एकदा मान मोडून घ्या.

मला तो नात्यातल्याच माणसांनी पाठवला, काळजीपोटी. स्कूटरवरून पडल्यापासून मानेतून निघून उजव्या डोळ्यामागे जाणारी कळ माझ्या सोबतीला आहे. म्हणून यातला एकेक मुद्दा घेते.

तीन महिन्यांत सगळं भरून येतं. कातडी येते, बहुतेक हाडंही जुळतात. नसेचं, म्हणजे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूचं, तसं नाही. दुखावलेली नस वाढली तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, आणि वाढताना नीट जुळली नाही तर काही कारण नसतानाही संदेश पाठवत राहते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वीअर मिचेल या डॉक्टरने गोळी लागलेल्या सैनिकांच्या अशा नोंदी 1864 मध्ये छापल्या. जखम भरलेली, पण हाताची आग अशी की हलका स्पर्शही सोसवत नसे. काही जण हात सतत ओल्या फडक्यात ठेवत. आज वैद्यकशास्त्र तीन महिन्यांच्या पुढे टिकणाऱ्या वेदनेलाच दीर्घकालीन वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा आहे. मेसेज जिथे दुखणं संपवतो, तिथून आमचं खातं उघडतं.

एमआरआय नॉर्मल, म्हणजे काही नाही. सगळ्यात जास्त माणसं याच वाक्याने खचतात, म्हणून इथे जरा थांबते. एमआरआय रचना दाखवतो. नस या क्षणी काय संदेश पाठवतेय, हे त्यात दिसत नाही. माझी दुखावलेली नस मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून निघते, मानेच्या स्नायूंतून वाट काढत डोक्याच्या मागच्या बाजूने टाळूकडे जाते. मानेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये इतक्या बारीक नसेचं दुखणं सहसा सापडत नाही. शिवाय मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे संदेश मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी येतात. त्यामुळे बिघाड मानेत आणि ठणका डोळ्यामागे, असं होतं.

माझं निदान झालं ते डॉक्टरांच्या अंगठ्याने. कवटीच्या खाली, मधल्या रेषेच्या थोडं उजवीकडे त्यांनी दाबलं आणि कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. त्याच जागी बधिर करण्याचं छोटं इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळात डोक्याची ती बाजू शांत झाली. त्या संध्याकाळी मी उजव्या बाजूने कंगवा फिरवला. एरवी तिथे केसाला केस लागला तरी सणक जाते.

उलटंही असतं. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या 1,211 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा जवळपास 88 टक्के लोकांत मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. म्हणजे रिपोर्टमध्ये दोष असून माणूस ठणठणीत असू शकतो, आणि रिपोर्ट कोरा असून माणूस तळमळत असू शकतो. ताणाने, जागरणाने दुखणं वाढतं, हे मी रोज पाहते. पण वाढणं वेगळं आणि मुळात नसणं वेगळं.

या तर डिप्रेशनच्या गोळ्या. अमिट्रिप्टिलिन मूळचं नैराश्यासाठीचं, हे बरोबर. नसेच्या दुखण्यासाठी ते बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यासाठी याच्या कितीतरी पट लागतं. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारी वेदना दाबण्याची यंत्रणा त्याने बळकट होते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही फिट्सवरची औषधं, तीही याच कामाला येतात. सगळ्यांना गुण येत नाही, हे लपवू नये: डमी गोळीच्या तुलनेत एका जास्तीच्या माणसाला निम्मा आराम मिळण्यासाठी अमिट्रिप्टिलिनच्या गटातलं औषध साधारण चौघांना आणि प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना द्यावं लागतं. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते. पण मेसेज वाचून ही औषधं एकदम तोडू नका. कमी करायची तर डॉक्टरांना सांगून, टप्प्याटप्प्याने.

दुखेल तेव्हा साधी गोळी. मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला मला हा वाटतो, कारण तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो. नसेच्या कळेवर या गोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही, म्हणून माणूस आणखी घेतो. ज्याला डोकेदुखी आहे त्याने तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. मेडिकलवर सुट्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात. पाकिटामागची नावं वाचा. घेतलेली प्रत्येक गोळी कॅलेंडरवर लिहा आणि तपासणीला जाताना ते पान घेऊन जा.

मान मोडून घ्या. अजिबात नको. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटका देऊन मान फिरवल्याने क्वचित त्यांचं अस्तर फाटतं आणि पक्षाघात होतो. अपघातात दुखावलेल्या मानेवर हा धोका कशाला घ्यायचा? फिजिओथेरपिस्ट शिकवतात ते हळू, स्वतः करायचे व्यायाम वेगळे.

डोक्याला मार लागून काही आठवडे झाले असले तरी डोकेदुखी वाढत चालली, उलट्या, गुंगी किंवा बोलण्यात अडखळ आली, हात-पाय लुळा वाटला, किंवा कधी नव्हे इतकं डोकं अचानक दुखलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. घरातल्या वयस्कर माणसांकडे जास्त लक्ष ठेवा. त्यांच्यात कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त आठवड्यांनीही त्रास देऊ लागतं.