शहाणपण सहा

चौतीस वर्षं मी सांगलीत मुलांना गणिताचे गुण दिले. त्याचं उट्टं मिलवॉकीत, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर निघालं. मला शहाणपणात १८ पैकी ६.

बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दर शनिवारी खेळायला येणारा पाचवा गडी सर्दीने झोपलेला. ही मंडळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. “आई, तू बस ना, काही अवघड नाही,” लेक म्हणाली. मुलाकडच्यांनी “आमची काही अपेक्षा नाही” म्हणावं, तोच सूर. तरी बसले.

एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायची. सांगणारा तो डंजन मास्टर. आमच्याकडे ते पद जावईबापूंकडे. पात्राची कुंडली म्हणजे सहा गुण: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, ३ ते १८ मध्ये जे येईल ते पदरात.

हल्ली म्हणे चार फासे टाकून सगळ्यांत लहान आकडा सोडून देतात, आपल्या दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हसारखं, आणि मग आकडे हवे त्या गुणाला लावतात. पण जावई कर्मठ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये लेक जिनिव्हा नावाच्या गावातून बाहेर पडला, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. ते गाव इथून तासाभरावर. तीर्थाच्या इतक्या जवळ राहून सोवळं मोडायचं नाही म्हणून आमच्याकडे तीनच फासे, आणि आले तसे, क्रमाने.

ताकद १६. चपळाई ७. काटकपणा १२. बुद्धी १४. शहाणपण ६. छाप ८.

“सहा?” मी म्हटलं.

“जास्तच दिलेत,” सोफ्यावरून ई-पेपरच्या आडून हे बोलले.

किराणा दुकानाच्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि मांडणी केली. तीन फासे २१६ तऱ्हांनी पडतात; त्यांतल्या फक्त २० तऱ्हांनी बेरीज ६ किंवा त्याहून कमी येते. दहात एक सुद्धा नाही! बरं, सहाही गुणांची बेरीज ६३. तीन फाशांची सरासरी साडेदहा, साही वेळची मिळून ६३च. म्हणजे एकूणात मी तंतोतंत सर्वसाधारण बाई. छत्तीसच्या आकड्यात पाठीला पाठ असते, ६३ मध्ये तोंडाला तोंड. ते मी लगेच सुरू केलं.

कारण हे गुण असे थेट वापरायचेच नसतात. १० आणि ११ म्हणजे शून्य. त्याच्या वर दर दोन गुणांना एक अधिक, खाली दर दोनांना एक उणे. माझ्या १६ ताकदीला अधिक ३. १७ असती तरी अधिक ३च. चपळाई ७ ला उणे २ आणि शहाणपण ६ लाही उणे २.

“मग सातातला तो एक गुण गेला कुठे?”

“आई, तो पुढे गुण वाढले की कामाला येतो.”

वर्गात मी असा गुण दाबून ठेवला असता तर पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले असते.

ताकदीवर मात्र मी खूश होते. गुणिले १५ पौंड, म्हणजे माझं पात्र २४० पौंड, सुमारे १०९ किलो ओझं वाहू शकतं. मुंबईहून येताना २३-२३ किलोंच्या बॅगांत भाजणी आणि मेतकूट यांत निवड करावी लागली होती, ते आठवून जीव हळहळला.

बुद्धी १४ आणि शहाणपण ६ एकाच डोक्यात कसं, ते लेकीने समजावलं. ते मला शाळेत असतानाच ठाऊक होतं. बुद्धी म्हणजे तीसपर्यंत पाढे पाठ असणं. शहाणपण म्हणजे स्टाफरूममध्ये भिशीचा हिशेब निघाला की ते न आठवणं.

मग गोष्टीत एक सराई आली. तिथल्या म्हाताऱ्याने मला एक पेटी दिली: “रिकामी आहे, फक्त पलीकडच्या खोलीत ठेवा.” जावयांनी हे म्हणताना नजर खाली वळवली. मी ओळखलं! “वही घरी राहिली, बाई” म्हणणारी किती पोरं बघितली.

“खोटं बोलतोय,” मी म्हटलं.

“ते तुम्हाला कळलं, आई. पात्राला कळलंय का बघू. टाका फासा.”

हा वीस बाजूंचा फासा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, थांबता थांबत नाही. थांबला ९ वर. उणे २, सात. हवे होते १२.

“तुम्हाला त्या बिचाऱ्याचं बोलणं मनापासून पटतं,” जावई म्हणाले. अगदी अदबीने.

मी पेटी उचलली. पेटीला दात होते. मिमिक म्हणतात त्याला; वस्तूचं सोंग घेऊन बसतं आणि हात लावला की धरून ठेवतं. ताकदीचा फासा टाकला, १८, अधिक ३, एकवीस! हात सुटला, टेबलावर आरडाओरडा झाला, आणि ह्यांनी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला.

पुढच्या शनिवारी सर्दीवाला बरा झाला, पण माझी खुर्ची तशीच राहिली.

काल परतीच्या बॅगा भरल्या. काट्यावर एक २६ किलो भरली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाले, “मी काय बोलणार? तुला १०९ पर्यंत मुभा आहे.”