कमरेवर हात ठेवल्याने पेपर सोपा जात नाही

एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, जवळ आली की बेळगावात पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो: ‘पेपरआधी दोन मिनिटं पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभं राहा. टेस्टोस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसॉल उतरतं. दातांत पेन धरलं की मन आनंदी होतं. शरीर बदला, मन आपोआप बदलेल. हार्वर्डने सिद्ध केलंय.’ यंदा खानापूरच्या मेव्हण्याने तो मलाच धाडला: ‘दाजी, पोरांना सांगा.’

हार्मोन्सचं आधी, म्हणजे जोमाशी जोडलं जाणारं टेस्टोस्टेरॉन आणि ताणाशी जोडलं जाणारं कॉर्टिसॉल. 2010 चा तो प्रयोग अवघ्या 42 जणांवर होता. 2015 मध्ये 200 जणांवर करून पाहिला, तर हार्मोन्स हलले नाहीत. लोकांना जोर आल्यासारखं वाटलं, एवढंच. पुढच्या वर्षी मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच जाहीर केलं, की हा परिणाम खरा आहे असं त्या मानत नाहीत. आणि हार्वर्ड? तिघा लेखकांपैकी एक तिथल्या होत्या.

पेनचा प्रयोग 1988 चा: दातांत पेन धरलं की चेहरा हसल्यासारखा होतो. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, निष्पन्न काही झालं नाही. मात्र 2022 मध्ये 19 देशांतल्या 3,878 जणांवरच्या अभ्यासात मुद्दाम हसल्याने किंचित बरं वाटतं असं दिसलं. पेनचा निकाल तिथेही धूसरच. तेव्हा हसा खुशाल, पेन खिशात राहू द्या.

माझं खरं भांडण ‘आपोआप’ या शब्दाशी आहे. शरीर मनाला घडवतं, हे मलाही मान्य. 1963 मध्ये हेल्ड आणि हाइन या मानसशास्त्रज्ञांनी अंधारात वाढवलेल्या मांजराच्या पिल्लांच्या जोड्या केल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरायचं, दुसरं त्याच चक्राला टांगलेल्या पाळण्यात बसून फिरायचं. दोघांच्या डोळ्यांपुढे दृश्य सारखंच. पण पाळण्यातल्याला जमिनीकडे खाली नेलं तरी ते पंजे पुढे करीना, अंगावर वस्तू आली तरी पापणी मिटेना. चालणाऱ्याला अंतर कळू लागलं होतं.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या मावशीला विचारा. गप्पा रंगात असतात, नजर रस्त्यावर, आणि कमी तंबाखूचं पान बोटं मध्येच बाजूला टाकतात. हे दोन मिनिटांत आलेलं नाही, नुसतं बघूनही नाही.

मेव्हण्याला लिहिलं, पोरीला भूमितीच्या आकृत्या गाइडमधून बघू देऊ नको, कागदावर काढायला लाव. कमरेवर हात ठेवून काय, बसस्टॉपवर ती उभी राहतेच.