खुनी ठाऊक असला म्हणून काय झालं?

'एकदा खुनी कळला की रहस्यकथा संपली, ती पुन्हा कोण वाचतो?' हे रहस्यकथांवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या मालवणात पावसात वीज गेली की कंदिलाखाली शेरलॉक होम्सच. वाचनालयाच्या प्रतीत कुणा महाभागाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं, तरी ते पुस्तक कपाटात कधी टिकलं नाही.

शाळेत असताना शेवट गाठायची घाई. चाळिशीनंतर मला होम्सच्या गोष्टी सांगणारा त्याचा डॉक्टर मित्र वॉटसनच जास्त आवडायला लागला. आणि गंमत बघा, १८८७ च्या पहिल्या कादंबरीत त्याला गोळी लागलीय खांद्याला, १८९० च्या दुसरीत दुखतोय पाय! हे दिसलं यंदाच्या मिरगात. पहिल्या वाचनात असलं काही दिसतं होय?