पुळणीची किंमत शून्य कशी काढावी

गावाला दोन किलोमीटरची पुळण, म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा पट्टा आहे, ती दरवर्षी खचतेय आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा प्रस्ताव तुमच्याकडे आलाय? पहिली खबरदारी ही की प्रस्तावात पुळण दिसता कामा नये. रस्ता लिहा, विजेचे खांब लिहा, माडांच्या बागा, घरं, स्मशानशेड सगळं लिहा. वाळूचा रकाना मात्र नको. तिला ना सातबारा, ना घरपट्टी. हीच वाळू खाडीतून उपसून डंपरात चढली की १०० घनफुटांचा एक ब्रास होते आणि स्वामित्वधन देऊ लागते. खाडीतली ती वाळू एरवी पुराबरोबर वाहत पुळणीवरच आली असती, हे बैठकीत बोलू नये.

एखादा अर्थशास्त्र शिकलेला तरुण 'प्रवासखर्च पद्धत' म्हणून उठेलच. कल्पना जुनी आहे. १९४७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्रातून ती सुचवली. जिथे तिकीट नाही, तिथे यायला माणसं किती पैसे आणि किती वेळ घालवतात ते मोजायचं. कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा पट्ट्यांतून हजार लोकसंख्येमागे किती फेऱ्या होतात ते काढायचं. अंतर वाढेल तशा फेऱ्या घटतात, त्यावरून मागणीचा वक्र मिळतो. त्या वक्राखालचं, प्रत्यक्ष खर्चाच्या वरचं क्षेत्रफळ म्हणजे उपभोक्त्याचं संतोषाधिक्य: माणूस जास्तीत जास्त किती द्यायला तयार होता आणि प्रत्यक्ष किती दिले, यातला फरक. पुळणीचा फायदा तो.

त्याला अडवू नका, सर्वेक्षण करू द्या. तारीख तेवढी तुम्ही ठरवा. जुलैतला मंगळवार उत्तम. आकडा फुगवायची हौस असेल तर ३१ डिसेंबरची गर्दी मोजून ३६५ ने गुणा आणि पेट्रोल, खोलीभाडं, सुरमई थाळी सगळं 'पुळणीचं मूल्य' म्हणून मिळवा. हा खर्च आहे, मूल्य नव्हे, हे ओळखणारा एक जण पुरतो. मग अख्खा अहवाल बाद होतो आणि तुमचं काम आपोआप होतं. गणपतीपुळ्याला आलेला माणूस आधी देवासाठी येतो आणि मग पाण्यात उतरतो. त्याचा सगळा खर्च वाळूच्या नावे टाकला तरी तेच.

आणखी एक सोय या पद्धतीतच आहे. रोज पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा प्रवासखर्च शून्य, म्हणून त्यांचा फायदा कोष्टकात उमटतच नाही. त्यांना वेगळं विचारावं लागतं. विचारू नका.

एवढं करूनही आकडा उरलाच तर वटावदर आहे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी कापायचा दर. ३० वर्षांनी मिळणारे १०० रुपये ४ टक्के दराने आज सुमारे ३१ रुपये भरतात, १२ टक्क्यांनी जेमतेम ३ रुपये ३४ पैसे. नातवंडांची पुळण इतक्या स्वस्तात निकालात निघते.

समुद्राचं काय? २००६ ते २०१८ या काळात जगात सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. नखाएवढी वाढ, असं म्हणून पुढे जा. किनारा-अभियंता ब्रुन यांच्या ढोबळ नियमाने वाळूचा किनारा पातळीवाढीच्या ५० ते १०० पट मागे सरकतो, म्हणजे ३० वर्षांत साधारण साडेपाच ते अकरा मीटर. हा नियम किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू धरत नाही, त्यामुळे तुमच्या गावी उत्तर वेगळं येईल. तेवढ्यावरून तो फेटाळता येतो. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणलाय. समुद्र आत येतोय, आपण पुढे जातोय, भेट होईलच.

आता बंधारा. पुळणीमागचं वाळूचं टेकाड सपाट करून पार्किंग काढा, मर्यादवेल आणि केवडा उपटा; वारा अडवून वाळू धरून ठेवणारं दुसरं कुणी तिथं नाहीच. मग दगड थेट पुळणीवर रचा. खाली गाळणीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देऊन वाळू अडवणारं कापड) नको, म्हणजे फटींतून मागची वाळू निघून जाईल आणि दगड बसत जातील. दुरुस्तीचं अंदाजपत्रक दरवर्षी. लाट भिंतीवर आपटून परततानाच पायथ्याची वाळू खरवडते. मागे सरकायला जागा न उरलेली पुळण अरुंद होत जाते, आणि भिंत संपते तिथून शेजारच्या वाडीची धूप सुरू होते. त्यांनाही बंधारा हवा होईल. मागणी अशी वाढते.

यश दाखवायचं तर 'आधी'चा फोटो ऑगस्टमधल्या अमावास्येच्या उधाणाचा घ्या आणि 'नंतर'चा डिसेंबरमधल्या ओहोटीचा. पावसाळ्यात वाळू आत जाऊन पाण्याखाली दांडा धरते आणि ऑक्टोबरनंतरच्या शांत लाटा ती परत आणून टाकतात. हे श्रेय समुद्र मागायला येत नाही.

शेवटी बंधाऱ्यावरून पुळणीत उतरायला पायऱ्या करा, स्टीलच्या रेलिंगसकट. भरतीला खालच्या चार पायऱ्या पाण्याखाली जातील. तिथं 'पोहण्यास मनाई'चा फलक लावा आणि त्याचा खर्च 'पर्यटन विकास' या सदरात टाका.